दुपारची झोप सोडू की नको?

पत्र

डॉक्टरबाई, नमस्कार. मी ५४ वर्षांची, गोव्यात म्हार्दोळजवळ राहते. यजमानांचं फोंड्याला किराणा दुकान आहे. एकला दुकान बंद करून ते घरी येतात, दीडला जेवतात, सोप्यावरच्या, म्हणजे ओसरीवरच्या, आरामखुर्चीत अर्धा तास डोळा मिटतात आणि साडेतीनला परत दुकान उघडतात. रात्री साडेदहाला पाठ टेकली की लगेच घोरायला लागतात. माझं उलट. सासूबाईंना आधी वाढायचं, मग यांना, धाकटा फर्मागुढीच्या कॉलेजातून दोनला येतो त्याच्याबरोबर मी सव्वादोनला जेवते. भांडी घासून, ओटा पुसून आडवी होते तेव्हा तीन वाजतात. उठते पावणेपाचला, डोकं जड झालेलं असतं. मग चहा, दिवेलागणीनंतर साडेसहाला आणखी एक. रात्री साडेदहाला अंथरुणात जाते आणि एक वाजेपर्यंत कूस बदलत पडते. पावणेसहाला उठावंच लागतं. कधी रात्री अंगातून वाफ निघाल्यासारखं होतं, पांघरूण फेकून देते. पाच महिने हे असंच चाललंय. पुण्याची मुलगी म्हणते, दुपारचं झोपणं बंद कर. आठ दिवस केलं. रात्री आठला मालिका बघता बघता सोफ्यावरच मान लुढकायची, आणि तरी दीड वाजेपर्यंत झोप नाही. शेजारणीने अर्धी गोळी दिली, तेवढी एक रात्र लागली. दुपारची झोप सोडू का? आणि हे रोज दुपारी झोपतात, तर यांना रात्री कशी लागते?

उत्तर

ताई, नमस्कार. तुमच्या शेवटच्या प्रश्नापासूनच सुरुवात करते, कारण पहिल्या प्रश्नाचं उत्तर त्यातच आहे. घर एक, हुमण-शीत (माशाची आमटी-भात) एकच, दोघंही दुपारी झोपता, आणि रात्री एकाला झोप लागते, दुसऱ्याला लागत नाही. म्हणजे दोष नुसत्या दुपारच्या झोपेचा असता तर तुमचे यजमानही रात्रभर जागे राहिले असते.

तुमच्या पत्रातल्या वेळा मी कागदावर मांडून बघितल्या. यजमान सव्वादोनच्या सुमारास खुर्चीतून उठतात आणि साडेदहाला झोपतात. मध्ये आठ तासांहून जास्त जागरण. तुम्ही पावणेपाचला उठता आणि त्याच साडेदहाला अंथरुणात जाता. मध्ये पावणेसहा तास. ते अर्धा तास झोपतात, तुम्ही पावणेदोन तास. ते खुर्चीत बसून, उजेडात, रस्त्यावरच्या गाड्यांच्या आवाजात. तुम्ही आतल्या खोलीत, बहुधा खिडकी लोटून, पंखा लावून, गादीवर. नाव दोन्हीला दुपारची झोप, पण शरीराच्या लेखी या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत.

संध्याकाळी पाचला ताटभर भजी खाल्ली तर रात्रीचं जेवण जात नाही, हे तुम्हाला मी सांगायला नको. झोपेचंही तसंच असतं. सकाळी उठल्यापासून मेंदूत अडेनोसिन नावाचं एक रसायन साठत जातं. जितका वेळ जागे, तितका साठा जास्त, तितकी झोपेची ओढ जास्त. झोपलं की तो साठा उतरतो. यजमान त्यातला थोडासा खर्च करतात आणि पुढच्या आठ तासांत परत भरून काढतात. तुम्ही संध्याकाळच्या तोंडावर त्यातला बराचसा उतरवता. मग रात्री साडेदहाला अंथरुणात जाता ती झोपेची भूक न लागताच. आणि पावणेपाचच्या नि साडेसहाच्या चहातलं कॅफीन नेमकी याच अडेनोसिनची जागा अडवून बसतं. साडेसहाला घेतलेल्या चहातलं निम्मं कॅफीन साधारण साडेअकरापर्यंत अंगात असतं. कुणाच्या शरीरातून ते लवकर जातं, कुणाच्या उशिरा. पण रात्री तळमळणाऱ्या माणसाने साडेसहाचा चहा सोडावा, यात मला काहीच शंका नाही.

हे झालं एक. दुसरं आहे शरीरातलं घड्याळ. मेंदूत डोळ्यांच्या नसा एकमेकींना ओलांडतात, त्याच्या जरा वर पेशींचा एक बारकासा पुंजका आहे. तो सूर्याच्या उजेडावर वेळ लावून दिवसरात्रीचा ताल सांभाळतो. झोपेची ओढ आणि हे घड्याळ मिळून आपली झोप ठरवतात, ही मांडणी अलेक्झांडर बोर्बेली या शास्त्रज्ञाने १९८२ साली केली आणि आजही झोपेचे डॉक्टर तिच्याच आधाराने विचार करतात. या घड्याळाला दुपारी एक ते तीनच्या सुमारास एक उतार असतो. जेवणामुळे पेंग येते असं आपण समजतो. जड जेवणाने ती वाढते हे खरं, पण तुम्ही एकादशी करत असाल तर आठवून बघा: पोटात फक्त वरीचे तांदूळ असले तरी दीड-दोनला डोळे मिटायला लागतातच. म्हणजे त्या वेळी डोळा लागणं हा शरीराचा धर्मच आहे. यजमानांची झोप त्या उतारावर येते. तुमची झोप, तो उतार संपून शरीर पुन्हा वर चढायला लागतं तेव्हा सुरू होते.

आता सगळ्यात मनाला लागलेली गोष्ट. तुमची झोप तीनला का सुरू होते? पत्रात तुम्ही ते कारण एका ओळीत सांगून मोकळ्या झालात. सासूबाई, मग यजमान, मग मुलगा, मग तुम्ही, मग भांडी. तीस वर्षं फोंडा महालात रुग्ण तपासताना झोपेची तक्रार घेऊन आलेल्या कितीतरी बायकांच्या दिवसाचा नकाशा मी असाच ऐकला आहे. पुरुषाची दुपार त्याच्या भुकेप्रमाणे आणि दुकानाच्या वेळेप्रमाणे ठरते. बाईची दुपार ठरते ती सगळ्यांची जेवणं झाल्यावर जे काही उरेल त्यात. ती पावणेसहाला उठलेली असते आणि पाठ टेकायला तिला तीन वाजतात. नऊ तासांनी मिळालेल्या त्या अंथरुणात ती गाढ झोपणारच. म्हणून तुमच्या झोपेला कुणी आळस म्हणत असेल, तर तो शब्द आधी घरातून बाहेर काढा. रात्रीची पावणेपाच आणि दुपारची पावणेदोन तास मिळून तुमची झोप जेमतेम साडेसहा तास होते. मोठ्या माणसाला किमान सात तास झोप हवी. तुम्हाला झोप जास्त होत नाही, कमीच पडते आहे. फक्त ती दिवसाच्या भलत्या जागी जाऊन बसली आहे.

माझी आई दुपारी झोपायची ते मला अजून दिसतं. स्वयंपाकघराच्या दारात, जिथे परसातला वारा यायचा, तिथे जमिनीवर पदर पसरायची आणि बसायचा लाकडी पाट उशाला घ्यायची. उशी कधी घेतली नाही. आम्ही मुलं म्हणायचो, आई, पाट टोचत नाही का? ती म्हणायची, टोचतो म्हणून तर उठते. वीस-पंचवीस मिनिटांत तिचा डोळा उघडायचा, कानाच्या वर पाटाच्या कडेची लाल रेघ उठलेली असायची, आणि ती थेट विहिरीवर जाऊन तोंडावर पाणी मारायची. त्यामागचं शास्त्र मला पुढे कॉलेजात शिकायला मिळालं. झोप लागल्यावर पहिली वीसएक मिनिटं ती हलकी असते. अर्धा तास होत आला की आपण खोल झोपेत उतरतो, आणि तिथून कुणी उठवलं किंवा जाग आली तर मेंदू लगेच ताळ्यावर येत नाही. डोकं जड, तोंड कडू, चिडचिड, पाऊण तास काही सुचत नाही. तुमचं पावणेपाचचं जड डोकं हेच. शिवाय दिवस कलताना घेतलेल्या लांब झोपेत ही खोल झोप बरीच येते, आणि तेवढी ती रात्रीच्या वाट्यातून जाते. आईचा पाट आणि तुमच्या यजमानांची खुर्ची, दोन्ही माणसाला खोलात उतरू देत नाहीत. मान कलंडते, जाग येते.

आपल्या जुन्या वैद्यांनीही हा फरक हेरला होता. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातल्या एकविसाव्या अध्यायात दिवसा झोपण्याबद्दल बरंच सांगितलं आहे. एरवी दिवसा झोपल्याने कफ-पित्त वाढतं म्हणून नको, पण उन्हाळ्यात रात्री फार लहान असतात म्हणून तेव्हा चालेल. म्हातारे, लहान मुलं, अशक्त, आजारी, ओझी वाहून किंवा चालून थकलेले, रात्री जागलेले, यांना एरवीही मुभा. आणि पुढे म्हटलं आहे की रात्रीचं जागरण रूक्ष, दिवसाची झोप स्निग्ध, पण बसल्या बसल्या घेतलेली डुलकी दोन्हीही नाही. तुमच्या यजमानांना हे वाचून दाखवा. मला त्या अध्यायातलं सगळं आजच्या शास्त्राशी जुळवून दाखवायचं नाही, तसा आग्रहही नाही. पण आडवं पडून घेतलेली झोप आणि बसून घेतलेली डुलकी या वेगळ्या, एवढं निरीक्षण पक्कं आहे.

मुलगी पुण्याची आहे म्हणून तिला आपल्याकडची दुपार कळत नाही, असं म्हणून तिचा सल्ला बाजूला टाकू नका. रात्रीची झोप बिघडलेल्या माणसाला दुपारची झोप थांबवायला आम्ही डॉक्टरही सांगतो. तिचं म्हणणं तत्त्वतः बरोबर आहे. पण तुमच्या त्या आठ दिवसांत झालं काय? दुपारची झोप थांबली आणि ती रात्री आठच्या सोफ्यावर जाऊन बसली. मालिका बघताना लागलेली वीस-तीस मिनिटांची ती डुलकी तुम्ही झोपेत मोजलीच नाही, कारण तुम्ही झोपायला म्हणून गेला नव्हता. पण अडेनोसिनचा साठा तिने उतरवलाच, तोही अंथरुणात जायच्या दोन तास आधी. दुपारी दोनच्या अर्ध्या तासापेक्षा रात्री आठचा अर्धा तास कितीतरी जास्त नुकसान करतो. तुमच्या घरातला खरा झोपचोर तो सोफा आहे, आणि या वयाच्या बहुतेक घरांत मला तोच सापडतो. झोप येत नाही म्हणून येणाऱ्यांना मी नेहमी विचारते, टीव्हीसमोर डोळा लागतो का? निम्मे जण नाही म्हणतात, आणि बरोबर आलेलं माणूस हो म्हणतं.

दुपारच्या झोपेने हृदयाला फायदा होतो की तोटा, असलं काही मोबाईलवर तुमच्या वाचनात आलंच असेल. दोन्ही बाजूंचं खरं आहे. ग्रीसमध्ये तेवीस हजारांहून जास्त लोकांवर वर्षानुवर्षं नजर ठेवून केलेला एक अभ्यास २००७ साली प्रसिद्ध झाला. त्यात नियमित दुपारी झोपणाऱ्यांमध्ये हृदयविकाराने होणारे मृत्यू कमी दिसले. दुसरीकडे, रोज तासाहून जास्त झोपणाऱ्यांमध्ये मधुमेह आणि रक्तदाब जास्त दिसल्याचेही अभ्यास आहेत. पण ज्याला आधीच आजार आहे, ज्याची रात्र खराब जाते, तो दुपारी जास्त झोपतो. मग झोपेने आजार झाला की आजाराने झोप आली, हे नुसतं मोजून कळत नाही. मला जास्त भरवशाचा वाटतो तो नासाचा प्रयोग. लांब पल्ल्याच्या विमानांच्या वैमानिकांना आळीपाळीने चाळीस मिनिटांची सवड दिली. त्यांनी सरासरी २६ मिनिटं झोप घेतली, आणि न झोपलेल्या वैमानिकांपेक्षा ते पुढच्या प्रवासात बरेच जास्त सावध राहिले. २६ मिनिटं म्हणजे आईचा पाटच की.

आणि गोव्यात ही दुपार पोर्तुगीजांनी आणली, असं म्हणणारे भेटतात, म्हणून जाता जाता सांगते. सिएस्ता (हे स्पॅनिश रूप, पोर्तुगीजमध्ये सेस्ता) हा शब्द लॅटिनमधल्या ‘सहावा तास’ यावरून आला. सूर्योदयापासूनचा सहावा तास म्हणजे आपल्याकडे घड्याळात साडेबाराच्या आसपास. शब्द त्यांचा असेल, पण वामकुक्षी आपलीच आहे: जेवून डाव्या कुशीवर घटकाभर लवंडणं. ‘मातशें पडटां’ (जरा पडतो) म्हणून डोळे मिटणाऱ्या आपल्या माणसाला १९६१ च्या आधीचं किंवा नंतरचं कुठलंच सरकार लागलं नाही. दोन्ही शब्दांत वेळ मात्र ठरलेली आहे. जेवल्यावर लगेच, उन्हं डोक्यावर असताना.

तर ताई, झोप सोडू नका, ती हलवा. तीन आठवडे असं करून बघा.

दुपारी एक पन्नासला, यजमान खुर्चीत बसतात तेव्हाच तुम्हीही टेका. म्हणजे तुमचं जेवण त्यांच्याबरोबर दीडला. मुलगा दोनला येतो. कॉलेजात जाणारा मुलगा झाकून ठेवलेलं शीत आणि हुमण स्वतः वाढून घेऊ शकतो, आणि आपलं ताट स्वतः धुऊ शकतो. भांडी पाणी घालून मोरीत ठेवा आणि उठल्यावर घासा. मला माहीत आहे, नुस्त्याच्या (माशाच्या) भांड्यांचा वास सुटतो, मांजर येतं, आणि घाण ओटा मागे ठेवून पडायला जीव होत नाही. पण तो अर्धा तास ओट्याला दिलात तर झोप पुन्हा तीनवर जाते. त्याहून बरं म्हणजे यजमान साडेतीनपर्यंत घरीच आहेत. उठल्यावर एक जण घासेल, एक जण विसळेल. ही गोष्ट मी औषध म्हणून लिहून देते आहे, तसंच त्यांना दाखवा.

आतल्या गादीवर झोपू नका. सोप्यावर चटई टाका किंवा खुर्चीत टेका, दार उघडं ठेवा, उजेड येऊ द्या. फोनवर तीस मिनिटांचा गजर लावा. त्यातली पाच-दहा डोळा लागण्यात जातील. डोळा लागला नाही तरी हरकत नाही, नुसतं पडून राहा. गजर झाला की उठून बसू नका, उभ्याच राहा. तोंडावर पाणी मारा आणि उन्हात परसात जा, वाळत घातलेले कपडे काढा. पहिले चार-पाच दिवस फार जड जाईल, कारण शरीराला पावणेदोन तासांची सवय आहे. नंतर ते सरावतं. चहा साडेतीनच्या आत, यजमान निघतात तेव्हा, आणि तो दिवसाचा शेवटचा. साडेसहाला गरम काही हवंच असेल तर आलं-गवती चहाची पात उकळून घ्या, चहापत्ती नको. आणि संध्याकाळचा पाववाला पोदेर सायकलवर भोंपू वाजवत आला, की त्यानंतर रात्रीपर्यंत कुठेही पाठ टेकायची नाही, अशी एक खूण मनाशी बांधा.

रात्री आठची वेळ कठीण असते. सोफ्यावर बसू नका. पाठ नसलेल्या स्टुलावर बसा, हाताला काम ठेवा. तुम्ही म्हार्दोळच्या आहात, जाईचा हंगाम असला की संध्याकाळी कळ्या ओवायला बसा. ओवणाऱ्या बोटांना पेंग येत नाही. जेवण झाल्यावर अंगणात दहा मिनिटं चाला.

आता झोपायची वेळ. हे ऐकायला उलटं वाटेल, पण साडेदहाला अंथरुणात जाऊ नका. साडेअकराला जा. अडीच तास कूस बदलत पडून राहिलात की अंथरूण म्हणजे तळमळायची जागा, असं मेंदू शिकतो. पावणेसहाला उठणं मात्र ठरलेलंच, रविवारी आणि रात्र वाईट गेली तरीही. पंधरा दिवसांत पडल्या पडल्या डोळा लागायला लागला की झोपायची वेळ पंधरा-पंधरा मिनिटांनी अलीकडे आणत जा, रात्रीची झोप साडेसहा-सात तासांवर येईपर्यंत. वीसएक मिनिटं झाली असतील आणि झोप नाही असं वाटलं तर उठा. घड्याळ बघू नका, ते भिंतीकडे तोंड करून ठेवा. सोप्यावर मंद दिव्यात बसा, जप करा, काहीही करा, फक्त टीव्ही आणि फोन नको. पेंग आली की परत जा. झोपायच्या तास-दीड तास आधी कोमट पाण्याने अंघोळ केली तर अंगातली उष्णता बाहेर निघते आणि झोप लवकर लागते. एप्रिल-मे मध्ये घाम वाळत नाही तेव्हा याचा जास्त उपयोग होतो.

तीन आठवड्यांनी रात्र सुधारली नाही, तर पुढचे दोन आठवडे दुपारची झोप पूर्ण थांबवा, सोफ्यावर डोळा न लागू देता. मग मुलीचा सल्ला खऱ्या अर्थाने करून बघितला असं होईल.

सासूबाईंना यातलं काही लावू नका. त्या वयात रात्रीची झोप तुटक होते, दुपारी तासभर डोळा लागला तर लागू द्या. अलीकडे त्यांची दिवसाची झोप एकदम वाढली असेल तर मात्र तपासून घ्या. आणि गावच्या जत्रेला रात्रभर नाटक असतं तेव्हा दुपारी दोन तास झोपून जाणं शहाणपणाचंच. पहाटे गाडी चालवत परतायचं असतं. दुसऱ्या दिवशी पावणेसहा सांभाळता आलं नाही तरी जीव खाऊ नका.

गोळीबद्दल स्पष्ट बोलते. शेजारणीची गोळी पुन्हा घेऊ नका. ती कुठली होती हे तुम्ही लिहिलेलं नाही, बहुधा तुम्हाला ठाऊकही नसेल. या गोळ्यांतल्या बऱ्याच गोळ्यांची सवय लागते, रात्री उठल्यावर तोल जातो, आणि गोळी थांबवली की झोप आधीपेक्षा जास्त उडते. शेजारीण रोज घेत असेल तर तिलाही अचानक सोडायला सांगू नका. डॉक्टरांना विचारून ती हळूहळू कमी करावी लागते.

आता पत्रातल्या त्या एका वाक्याकडे येते, अंगातून वाफ निघते ते. तुम्ही ते सहज लिहून पुढे गेलात. ५४ व्या वर्षी ही पाळी जाण्याच्या काळातली लक्षणं असण्याची शक्यता मोठी आहे, आणि त्याने रात्री चार-चार वेळा जाग येते. त्यावर उपचार आहेत, अंगावर काढायची गरज नाही. स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवा. त्याच वेळी थायरॉइड, साखर आणि रक्तातलं लोह तपासून घ्या. रात्री पाय हलवत राहावंसं वाटत असेल, लघवीला वारंवार उठावं लागत असेल, किंवा सकाळी उठताना मन इतकं उदास असेल की कशातच रस वाटत नाही, तर तेही सांगा.

आठवड्यातून तीन किंवा जास्त रात्री, तीन महिन्यांच्या वर, हे जुन्या निद्रानाशाचं माप आहे. तुम्हाला पाच महिने झाले. म्हणून मी सांगितलेलं करत असतानाच डॉक्टरांना भेटा, तीन आठवडे थांबून नको. जुन्या निद्रानाशावर पहिला उपचार गोळी नसून झोपेच्या सवयी आणि विचार बदलण्याची शिस्तशीर पद्धत असावी, अशी शिफारस अमेरिकेतल्या फिजिशियनांच्या संघटनेने २०१६ साली केली. वर मी सांगितलेलं अंथरुणाचं गणित त्याच पद्धतीतलं आहे. गरज पडली तर बांबोळीला सरकारी इस्पितळाच्या मानसोपचार विभागात जायला संकोच करू नका. तिथे झोपेच्या तक्रारीही बघतात, आणि तिथे जाणं म्हणजे डोकं बिघडणं नव्हे.

आणखी एक, तुमच्या यजमानांसाठी. पाठ टेकताक्षणी घोरणं याला आपण सुखाची झोप म्हणतो. बहुतेकदा असतेही. पण तुम्ही रात्री जाग्याच असता, तर एकदा कान देऊन ऐका. घोरता घोरता मध्येच श्वास थांबतो का, आणि मग धाप लागल्यासारखा मोठा आवाज करून परत सुरू होतो का? सकाळी त्यांचं डोकं दुखतं का, दुकानात गल्ल्यावर बसल्या बसल्या पेंग येते का? असं असेल तर त्यांची दुपारची झोप रात्रीच्या तुटलेल्या झोपेची भरपाई आहे, आणि त्यांनाही तपासणी हवी. स्कूटरवरून रोज म्हार्दोळ ते फोंडा जाणाऱ्या माणसाच्या बाबतीत हे मी सोडून देणार नाही.

एक साधी वही करा. रोज सकाळी चार ओळी: दुपारी किती वाजता टेकलात आणि किती वाजता उठलात, शेवटचा चहा कधी, रात्री आठला डोळा लागला का, रात्री अंदाजे किती झोप झाली. डॉक्टरांकडे जाताना ती बरोबर न्या. तीन आठवड्यांनी मला कळवा. आणि ताई, त्या वहीत पाचवी ओळही लिहा: दुपारची भांडी कुणी घासली.